शिवणीतली वाळू

ताडपत्रीवाल्याची आणि नकाशेवाल्याची ओळख सहा वर्षांची. सहा वर्षांत माणूस किती कळतो? नकाशेवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, फार तर हातरुमालाएवढा. ताडपत्रीवाल्याचं लहानपण कुठे गेलं, त्याला भावंडं होती का, तरुणपणी तो कसा दिसायचा, यातलं नकाशेवाल्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं का, एवढं साधं विचारायचंही कधी सुचलं नाही. ठाऊक होती ती एकच गोष्ट. त्याला समुद्राकाठच्या वाळूत तंबू ठोकून राहायचं होतं, आणि तेही नजर जायच्या आत.

नकाशेवाला म्हणजे हे लिहिणाराच. पण 'मी' लिहायला गेलं की हात अडखळतो, आणि गोष्ट काही त्याची नाही, म्हणून त्याला नकाशेवालाच म्हणू. मागच्या महिन्यात ताडपत्रीवाला गेला. त्याच्या लेकीचा फोन आला. म्हणाली, "काका, बाबांवर दोन पानं लिहून द्या. तुमच्याइतकं त्यांच्याशी कुणी बोललेलं नाही." ती चुकतेय. बोलणं झालं ते सगळं तंबूबद्दल झालं. पण नाही म्हणायचं धैर्य नकाशेवाल्याला कधीच नव्हतं, म्हणून हा खटाटोप.

दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. एका बाजूला सायकलदुरुस्ती, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला छापखाना. शटर वर गेलं की मेणाचा, तेलाचा आणि नव्या कॅनव्हासचा वास फुटपाथपर्यंत यायचा. आत सगळं काम जमिनीवर. ताडपत्री अंथरायची, तिच्यावर अनवाणी उभं राहायचं, खडूने रेघ मारायची आणि कापायची. शिवायचं मोठं मशीन जमिनीत खड्डा करून बसवलेलं. शिवणारा खड्ड्यात पाय सोडून बसणार, म्हणजे ताडपत्रीचं ओझं जमिनीनेच पेललेलं. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला ताडपत्रीवाला कमरेपासून वरच दिसायचा, कुणी तरी जमिनीत लावून ठेवल्यासारखा. उंच होता की बुटका, हे कित्येक गिऱ्हाइकांना ठाऊकच नसेल.

ट्रकांवरच्या ताडपत्र्या तो शिवायचा, दुकानांपुढची छपरं शिवायचा. आणि एक दिवसाच्या प्रवासावर जो वाळूचा किनारा आहे, तिथून होड्यांवर घालायची आवरणं त्याच्याकडे यायची, काही नवी शिवायला, काही दुरुस्तीला. मापं चिठ्ठीवर यायची. लांबी अठरा, रुंदी सहा, पुढे निमुळतं. तीस वर्षं त्याने होड्यांचे कपडे शिवले आणि एक होडी पाहिली नाही.

नकाशेवाला त्या छापखान्याच्या वरच्या खोलीत एकटा राहायला आला तो नोकरीतून निवृत्त झाल्यावर. पाणीखात्यात चौतीस वर्षं त्याने जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायला लांब पिशवी हवी होती, म्हणून एक दिवस खाली उतरला आणि दुकानाच्या उंबऱ्याशी चुळबुळत उभा राहिला.

"काय ठेवणार आत?" ताडपत्रीवाल्याने खड्ड्यातूनच विचारलं.

"नकाशे. नळांचे. जुने आहेत, ऑफिसने टाकून दिले."

"आणि तुम्ही उचलून आणले?"

"हो."

"मग आपलं जमणार. मीसुद्धा टाकलेलंच जपतो." असं म्हणून त्याने मागच्या फळीवरची काचेची बरणी दाखवली. बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू होती. "होड्यांच्या आवरणांतली. दोन शिवणींच्या मध्ये जाऊन बसते. झटकली तरी निघत नाही. शिवण उसवली की तेव्हा कुठे सांडते."

"कशाला ठेवलीत?"

"आपली नाही म्हणून. परत करायची आहे."

दुकानाच्या मागेच घर. मध्ये नुसता पडदा. पडद्यामागून वहिनींचा आवाज आला. "विचारा, विचारा त्यांना! चिमूटभर वाळू परत करायला माणूस तंबू ठोकून राहणार आहे म्हणे."

"चिमूटभर नाही, अर्धी बरणी आहे."

"हो ना! तिकडे समुद्र जेवायचा थांबलाय तुमच्या अर्ध्या बरणीसाठी."

नकाशेवाला हसला. पिशवी तयार झाल्यावरही तो रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून खाली यायला लागला. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला तो. चहा हवा असायचा तर किती वाजले ते विचारायचा.

अशी तीन वर्षं गेली. मग एका दुपारी ताडपत्रीवाल्याने आयलेटची एक पितळी कडी त्याच्या हातात दिली. दोरी ओवायला ताडपत्रीच्या काठाला ठोकतात ती, करंगळी जेमतेम जाईल एवढी. "डोळ्यासमोर धर. हात लांब करून. काय दिसतं?"

"घड्याळ. अर्धंच."

"आणि बाजूला?"

"बाजूला काही नाही. कडी आहे."

"मला आता सगळं जग तेवढंच दिसतं," ताडपत्रीवाला म्हणाला. जसं कुणी म्हणतं, आज दूध जरा पातळ आलंय. "काचबिंदू. कडेकडून अंधार येतो आणि मध्ये सरकतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं येत नाही, राहिलंय ते औषधाने धरून ठेवू, पण किती दिवस ते सांगत नाही. दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा." त्याने कडी परत घेतली आणि कापडावर ठेवून हातोडीने ठोकून बसवली. घाव बरोबर बसला. "तेव्हा आता बोलणं पुरे. जायचंच. मी तंबू शिवतो, तू नकाशा काढ."

त्या दिवशी तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. नकाशेवाल्याला इतका आनंद झाला की डोळ्यांचं दुःख त्याला वर खोलीत गेल्यावर झालं. त्याला स्वतःला मात्र 'तू' म्हणणं काही जमलं नाही.

त्या संध्याकाळपासून बेत सुरू झाला. शटर अर्धं खाली ओढायचं, दिवा लावायचा, फळीवर मोठा कागद पसरायचा. किनाऱ्याचा नकाशा काढायचा तर किनारा दोघांनीही पाहिलेला नाही. मग ताडपत्रीवाल्याने युक्ती काढली. दुरुस्त झालेल्या आवरणाच्या घडीत तो चिठ्ठी घालू लागला. वाळूचा पट्टा किती रुंद? झाडं कितीवर? गोडं पाणी कुठे? महिन्या दोन महिन्यांनी पुढचं गाठोडं यायचं, त्यात उत्तर असायचं. कुणा होडीवाल्याचं तिरकं, घाईचं अक्षर. "पट्टा भरतीला चाळीस पावलं, ओहोटीला दोनशे. विहीर सुरूच्या झाडांमागे. कुत्री आहेत, चावत नाहीत."

नकाशेवाल्याने ती विहीर निळ्या शाईने काढली. कुत्री कशी दाखवायची यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी तीन ठिपके काढले.

"चौथं कुठे गेलं?" ताडपत्रीवाल्याने विचारलं.

"चिठ्ठीत आकडा नाही दिलेला."

"मग चार काढ. एखादं झोपलेलं असेल."

त्या दिवसांत संध्याकाळी जमिनीवर पांढरा कॅनव्हास अंथरलेला असायचा. दिव्याच्या उजेडात त्याच्या चुण्या पडायच्या, उंच, सखल, लांबवर गेलेल्या. दोघे त्यावर अनवाणी चालायचे, आणि कुणी ठरवलं नव्हतं, पण पावलं जरा रुतल्यासारखीच टाकायचे. ताडपत्रीवाला मध्येच थांबून डोळे मिटायचा.

"आत्ता आपण कुठे आहोत?"

"झाडांच्या सावलीतून बाहेर आलोय," नकाशेवाला कागदावर बघून सांगायचा. "समोर उतार आहे. विहीर मागे राहिली."

"ऊन?"

"उतरतीचं."

"आणि ती?"

'ती' म्हणजे लाट. समुद्राला तो 'तो' म्हणायचा आणि लाटेला 'ती'. जणू नवराबायको शेजारी राहत होते.

"ती आहे अजून साठ पावलांवर," नकाशेवाला सांगायचा, आणि ताडपत्रीवाला डोळे मिटूनच एक पाय हळूच मागे घ्यायचा.

पडद्यामागून वहिनी म्हणायच्या, "भिजलात की सांगा. टॉवेल आणते."

पहिली तालीम झाली ती तंबूच्या खुंट्यांची. कोपऱ्यावर इमारतीचं काम चाललं होतं आणि तिथे वाळूचा मोठा ढीग होता. दोघे सकाळी सकाळी लोखंडी खुंट्या आणि दोरी घेऊन गेले. ताडपत्रीवाल्याने खुंटी मारली, दोरी बांधली, नकाशेवाल्याने ओढली. खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. पुन्हा मारली, पुन्हा आली. वॉचमन डुलक्या घेत होता, तो उठून आला.

"काका, काय चाललंय?"

"तंबू ठोकतोय," ताडपत्रीवाला म्हणाला.

"इथे? घर नाही का तुम्हाला?"

"आहे की. म्हणून तर तंबू हवाय."

वॉचमनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग खुंटी हातात घेऊन त्याने स्वतःच मारून बघितली आणि म्हणाला, "नाही धरत. वाळू कुणाला धरत नाही, काका."

परत येताना ताडपत्रीवाला खुंटी हातात फिरवत राहिला. दुकानात शिरला, खड्ड्यात उतरला आणि तासाभरात त्याने कॅनव्हासची उशीएवढी पिशवी शिवली, तोंडाशी आयलेट ठोकलेली. पिशवीत तिथलीच वाळू भरायची, हातभर खड्डा खणून पुरायची, दोरी वर काढायची. दुपारी पुन्हा ढिगाकडे वरात. या वेळी दोरी ओढायला वॉचमनही लागला. पिशवी हलली नाही.

"वाळूला वाळूच धरते," ताडपत्रीवाला म्हणाला आणि वॉचमनला खिशातले खारे दाणे दिले.

दुसरी तालीम तंबूची. आठ महिने खपून त्याने तो शिवला होता. शिवण दुहेरी, दोरा मेणाचा, कोपऱ्यांना चामड्याची ठिगळं. नकाशेवाल्याने काढलेल्या आराखड्यावरून, इंचाचाही फरक नाही. एका रविवारी दोघांनी तो गच्चीवर नेला, पाण्याच्या टाकीला आणि कठड्याला दोऱ्या बांधून उभा केला. काय दिसत होता! चारी बाजू ताठ, कुठे एक चुणी नाही. ताडपत्रीवाल्याने बादलीभर पाणी वरून ओतलं. सगळं बाहेरून ओघळून गेलं. वहिनी चहा घेऊन वर आल्या, त्यांनीही भुवया उंचावल्या.

"छान झालाय हो! आता आत जाऊन बसा दोघं, चहा आतच देते."

ताडपत्रीवाला डावीकडून निघाला आणि हाताने कापड चाचपत तंबूला एक फेरी मारून परत आला. नकाशेवाला उजवीकडून निघाला, तोही परत आला. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले.

"दार?" वहिनी म्हणाल्या.

तंबूला दार नव्हतं.

झालं होतं ते असं. नकाशेवाल्याने जन्मभर जमिनीखालचे नळ वरून बघून काढले. नळाला दार नसतं, आणि वरून बघितलं तर घरालाही नसतं. आणि ताडपत्रीवाल्याने जन्मभर ट्रक आणि होड्या झाकल्या. त्याला कळत होतं ते एवढंच, की आतलं बाहेर जाता कामा नये आणि बाहेरचं आत येता कामा नये. दोघांपैकी एकानेही आपल्या कामात तिळाएवढी चूक केलेली नव्हती.

वहिनी कठड्याला टेकून इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. "बरं झालं, आत बसून नाही शिवलात. नाही तर मला सुरी घेऊन यावं लागलं असतं!"

मग ताडपत्रीवालाही हसायला लागला आणि ओल्या गच्चीवर फतकल मारून बसला. नकाशेवाला हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. आपल्यालाच तेवढं सुचायला हवं होतं, असं त्याला आजही वाटतं.

आता दार करायचं, पण कुठल्या बाजूला? तिथे घोडं अडलं. ताडपत्रीवाला म्हणाला, समुद्राकडे. नकाशेवाला म्हणाला, वारा तिकडूनच येणार, वाळू आत उडेल, दार झाडांकडे हवं.

"अरे, त्याला भेटायला चाललोय आणि त्याच्याकडे पाठ करून बसू?"

"पण अंथरुणात वाळू येईल."

"येऊ दे की. तीस वर्षं येतेच आहे."

नकाशेवाला म्हणाला, आपण वाऱ्याची नीट माहिती काढू. चिठ्ठी गेली. उत्तर आलं, "वारा असतो." एवढ्यावर दार कापणं बरोबर नाही, असं नकाशेवाल्याचं म्हणणं पडलं. दुसरी चिठ्ठी गेली. मग ऊन फार होतं. मग पावसाचे महिने आले. मग भरतीओहोटीच्या वेळा लिहून काढायच्या राहिल्या. नकाशेवाला प्रत्येक वेळी नवा कागद घ्यायचा आणि आधीपेक्षा सुंदर नकाशा काढायचा. झाडांना सावल्या आल्या. चारही कुत्र्यांना शेपट्या आल्या. वहिनी एकदा म्हणाल्या, "नमनालाच घडाभर तेल! नाटक कधी सुरू व्हायचं?" सगळे हसले आणि ते वर्ष गेलं.

ताडपत्रीवाल्याने एकदाही घाई केली नाही. संध्याकाळी तो कागदावर वाकायचा, नकाशेवाला बोट ठेवून सांगायचा, तो मान डोलवायचा. "वा! छान. आणि विहीर?" विहीर नकाशेवाल्याच्या बोटाशीच होती.

मग एका सकाळी वहिनी जिना चढून नकाशेवाल्याच्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याने गडबडीने खुर्चीवरचे कागद उचलले.

"बसत नाही, भावजी. दोन शब्द बोलते आणि जाते." त्यांनी भिंतीवर लावलेल्या नकाशाकडे बघितलं. "सुंदर काढता हो तुम्ही. पण एक सांगू? यांना तो दिसत नाही."

"म्हणजे?"

"कागद एवढा मोठा. त्यातलं यांना नाण्याएवढं दिसतं. तेही उजेड असला तर. बाकीचं तुम्ही बोलता त्यावरून जुळवतात आणि मान हलवतात. काल ताट वाढलं तर वाटी शोधत होते. वाटी समोर होती."

नकाशेवाल्याने हातातले कागद पुन्हा खुर्चीवर ठेवले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ते बोलत नाहीत. माझं तसं नाही, मी बोलते." वहिनी नकाशाजवळ गेल्या. "यात सगळं आहे. विहीर आहे, कुत्री आहेत. तारीख कुठे आहे, भावजी?"

त्या गेल्यावर नकाशेवाला त्या नकाशासमोर उभा राहिला. चौतीस वर्षांत त्याने एक नकाशा असा काढला नव्हता ज्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तारीख नाही. साहेब ओरडायचे म्हणून नाही, हाताची सवयच तशी. आधी चौकोन आखायचा, मग त्यात तारीख. या नकाशावरही चौकोन होता, नीट आखलेला. आत काही नव्हतं. त्याने जुने कागद काढून बघितले. सगळ्यांवर चौकोन, सगळे कोरे.

तेव्हा त्याला कळलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. आता लिहायला हरकत नसावी. वाऱ्याची काळजी नव्हतीच. जाऊन आलो की बेत संपणार, बेत संपला की संध्याकाळ संपणार, मग कुठल्या निमित्ताने खाली जायचं, ही काळजी होती. चार कुत्र्यांच्या शेपट्या काढत तो दुसऱ्या माणसाची नजर खर्च करत बसला होता.

त्याने पेन घेतलं, चौकोनात तारीख लिहिली. पुढच्या आठवड्यातला गुरुवार. आणि शाई वाळायच्या आत नकाशा घेऊन खाली गेला.

"गुरुवारी निघायचं," तो म्हणाला. "आणि दार समुद्राकडे."

ताडपत्रीवाला खड्ड्यात बसला होता. त्याने मान वळवली, थोडी इकडे, थोडी तिकडे, आणि नकाशेवाल्याचा चेहरा सापडल्यावर थांबला. "वाऱ्याची चिठ्ठी आली वाटतं?"

"हो," नकाशेवाला खोटं बोलला.

दार त्याच दुपारी कापलं. कात्री ताडपत्रीवाल्याने धरली, रेघ नकाशेवाल्याने मारली. वहिनीही येणार होत्या. "मी काय इथे शटर राखत बसू?" असं म्हणून त्यांनी आधीच गाठोडं बांधलं होतं. आणि मग नकाशेवाल्याच्या लक्षात आलं की तंबूचं माप पहिल्यापासून तिघांचं होतं. आराखड्यात रुंदी ताडपत्रीवाल्यानेच सांगितलेली, का ते विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

बसचा प्रवास दिवसभराचा. उतरले तेव्हा ऊन कलंडलं होतं. सुरूच्या झाडांतून पायवाट, विहीर, सगळं जिथल्या तिथे. कुत्री मात्र दोनच. ताडपत्रीवाल्याच्या एका हातात बरणी आणि दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर. झाडं संपली, उतार लागला आणि वाळूत पावलं खरोखरीची रुतली. तो थांबला. समोर बघत उभा राहिला.

"हा?" तो म्हणाला. आवाजात जरा निराशा होती, ती लपवायला त्याला जमलं नाही. "एवढाच?"

कडीतून बघणाऱ्याला कडीएवढाच दिसणार. वहिनींनी पदर तोंडाला लावला. नकाशेवाला पुढे झाला. मोठी जागा तुकड्यातुकड्याने काढायची, हे चौतीस वर्षांत शिकलेलं त्याच्या कामी आलं. तो ताडपत्रीवाल्याच्या मागे उभा राहिला आणि त्याने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून हळूच पार डावीकडे वळवलं.

"इथून सुरू करा. खडक दिसतो?"

"दिसतो. काळा."

"त्याच्या कडेला पाणी. आता हळूहळू उजवीकडे या. घाई नको. कापडाच्या पन्ह्याला पन्हा जोडता तसं."

ताडपत्रीवाल्याने मान वळवायला सुरुवात केली. ओठ हलत होते. एक पन्हा झाला, त्याला दुसरा जोडला, त्याला तिसरा.

"अजून आहे?"

"आहे."

"अजून?"

"आहे."

मान खांद्यापर्यंत आली. मग त्याने पाय वळवले.

"अजून आहे?"

"आहे रे. बघ तू," नकाशेवाला म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते त्याला नंतर कधी तरी आठवलं.

ताडपत्रीवाला पूर्ण वळला, उजवीकडच्या दूरच्या टेकडीपर्यंत, आणि पुन्हा उलटा डावीकडे आला, शिवण दुहेरी घालायची असल्यासारखा. मग मटकन वाळूत बसला. तसाच समोर बघत म्हणाला, "एवढं कापड कुठेच मिळणार नाही."

ते तिथे तीन दिवस राहिले. पिशव्या पुरल्या, तंबू हलला नाही. वारा समोरून आला, वाळू आत आली, अंथरुणात, केसांत, भातात. नकाशेवाल्याने एकदाही तक्रार केली नाही. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांमधून ताडपत्रीवाला हात फिरवत चालायचा. एका आवरणापाशी थांबून त्याने काठावरून बोटं नेली आणि म्हणाला, "हे माझं. सात वर्षं झाली असतील. धागा अजून धरून आहे." शेजारी जाळं घेऊन बसलेल्या माणसाने विचारलं, "चिठ्ठीवाले तुम्हीच का? ते दार कुठल्या बाजूला केलंत शेवटी?"

बरणी त्याने दुसऱ्या सकाळी रिकामी केली. ओली वाळू आणि कोरडी वाळू जिथे मिळतात त्या रेघेवर ओतली. ढीग झाला. एक लाट येऊन गेली, मग ढीग कुठे होता ते तिघांनाही सांगता येईना.

"पोचली," वहिनी म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

पुढच्या वर्षी कडी मिटली. ताडपत्रीवाला अधूनमधून खड्ड्यात बसायचा, हाताने शिवण चाचपायचा, लहानसहान पिशव्या शिवायचा. नकाशेवाला रोज संध्याकाळी खाली जायचा. निमित्त लागत नव्हतं, हे त्याला उशिराच समजलं. मग लेक आली. दूरच्या शहरात तिचं औषधांचं दुकान होतं, घर मोठं होतं. दोघांना घेऊन जाते म्हणाली. तंबू नकाशेवाल्याकडे ठेवायचा ठरला.

निघायच्या सकाळी गाडी शटरसमोर उभी होती. लेक सामान लावत होती. वहिनी शेजारच्या सायकलवाल्याला कुंड्यांना पाणी घालायचं बजावत होत्या. ताडपत्रीवाला पुढच्या सीटवर बसला होता, काच खाली केलेली. नकाशेवाल्याला खूप काही म्हणायचं होतं. त्या कोऱ्या चौकोनांबद्दल सांगायचं होतं. तो खिडकीशी उभा राहिला आणि चुळबुळत राहिला. पाय वाजले असतील, ताडपत्रीवाल्याने ओळखलं.

"तंबू कुठे ठेवलास?"

"पलंगाखाली."

"ओल नाही ना तिथे?"

"नाही."

"शिवणीत वाळू असेल. काढत बसू नकोस."

"नाही काढत."

"आणि उन्हात टाकू नकोस. धागा जातो."

"बरं."